शिंपल्याच्या मुठी आणि आईचा पाट

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी देवीची लस टोचत फिरत असे. मला लांबून पाहिलं की बायका पोरं लपवायच्या. चाकू मात्र कोणी लपवला नाही, आणि माझं अर्धं लक्ष त्या चाकूंकडेच असायचं.

तानशाच्या रानात साहेबलोक शिकारीला येत. हाकारे घालून सावज उठवायला आसपासच्या पाड्यांवरची माणसं नेत आणि जाताना कोणाला जुना कोट, कोणाला रिकामी बाटली, कोणाला खिशातला मिटणारा चाकू देऊन जात. असे चाकू पुढे वर्षानुवर्षं चुलीवरच्या कुडाच्या भिंतीत खोचलेले असायचे. त्यांतल्या काहींच्या मुठी मोत्याच्या शिंपल्याच्या असत. काजळी पुसली की आतून हिरवी, गुलाबी, निळी झाक वर यायची आणि मूठ कलती केली की ती जागची सरकायची. मी बाजारातला नवा दणकट चाकू द्यायचो आणि हा जुना घ्यायचो. देणाऱ्याला वाटे, लसवाला येडा आहे. मला त्याच्याविषयी तेच वाटे. सौदा दोघांच्या आनंदात व्हायचा.

सगळ्यांत चांगला चाकू तानशाजवळच्या एका म्हाताऱ्याने दिला. तरुणपणी तो धरणाच्या बांधकामावर होता, तेव्हा कोणा साहेबाने त्याला तो दिलेला. "ह्याच्यात धरनाचं पानी हालतं," म्हातारा म्हणाला. "मला आता दिसत नाय, तू बघ." बदल्यात त्याने काही घेतलं नाही. तो चाकू मी कायम खिशात ठेवला. बाकीचे अकरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसावर.

घरात आई आणि मी, दोघंच. खंडेनवमीला आई पाट मांडायची. त्यावर विळा, कोयता, कुदळ, नांगराचा फाळ, सगळं घासूनपुसून, हळदकुंकू लावून, वर झेंडू आणि भाताची नवी लोंबी. माझी लस टोचायची सुईही ती पाटावर ठेवी, कारण तिच्यावर आमचं पोट होतं. पोरांच्या दंडाचं रक्त काढणारी सुई तिला चालायची. माझे चाकू चालत नसत.

"त्या सायबांनी त्यानी काय काय कापलं आसल, तुला माहीत हाय का रे?" ती म्हणायची. "पाटावर नाय ठेवायचं."

मी दर वर्षी विचारी आणि दर वर्षी तेच ऐके. देवाधर्माचं मला फारसं काही नव्हतं. पण आयुष्यात हौस म्हणून मी एवढी एकच गोष्ट केली होती, आणि माझ्याच घरात ती विटाळाची ठरावी हे मला सलायचं. तिने एकदा तरी त्यांना आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली माझा तोल गेला. "चाकू नाय तर सुई पण नाय," म्हणून मी माझी सुई पाटावरून उचलून घेतली. त्या दिवशी आई जेवली नाही. मी मात्र जेवलो, रागाने दोन भाकऱ्या जास्तच.

पुढच्या वर्षी मुरबाडकडे देवीची साथ आली आणि मी चारपाच दिवस तिकडे अडकलो. किन्हवलीवरून बैलगाडीने घरी पोचलो तो नेमका खंडेनवमीच्या सकाळी. पाट मांडलेला होता. कोयत्याच्या शेजारी माझे अकरा चाकू ओळीने उघडून ठेवलेले. पाती लखलखत होती. मुठी पांढऱ्याफटक, चुन्याच्या खड्यासारख्या.

"तीन दिस चिंचंच्या कोळात ठेवले," आई म्हणाली. "त्या सायबांच्या हातांचा तेलकट तवंग, जाता जाईना रे. रंगीत रंगीत दिसायचा. रोज राखेनं घासला. आता बघ, कशे निर्मळ झाले."

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या रंगासाठी मी दोन तालुके पायांखाली घातले, तो तिने मळ समजून घासून काढला होता. तिच्याकडे पाहिलं. राखेने तिच्या बोटांची पेरं फुटली होती आणि ती एकेका मुठीवर कुंकू टेकवत होती. गेल्या वर्षी मी सुई उचलली त्याचं हे उत्तर होतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी पाय धुतले आणि पाटाला नमस्कार केला.

"चांगलं केलंस," मी म्हणालो.

"खिशातला कुठाय? तो पन दे. पुढच्या सालाला घासते."

"मुरबाडला हरवला," मी म्हणालो. तो तेव्हा माझ्या मांडीला टोचत होता.

"आरं देवा," ती म्हणाली. "तोच जरा बरा होता."

मग तिने ओळीच्या शेवटी एक झेंडू ठेवला. "ही त्याची जागा. गावंल तवा ठेवू."

त्यानंतर आईने पाच खंडेनवम्या केल्या आणि पाचही वेळा बाराव्या जागी झेंडू ठेवला. दर वर्षी विचारायची, "गावला का रे?" मी नाही म्हणायचो. तो चाकू मी घरात कधी बाहेर काढला नाही. फिरतीवर, झाडाखाली भाकरी खाताना, काढून बघायचो. आधी व्हायचा तेवढा आनंद होत नसे.

आई गेली त्या वर्षी पाट मी मांडला. अवजारं धुतली, अकरा चाकू ओळीने लावले आणि शेवटी खिशातला काढून त्याच्या जागेवर ठेवला. दारातून उजेड येत होता आणि मुठीतले रंग हलत होते. मी जरा मागे सरकून पाहिलं. त्या पांढऱ्या ओळीत तो एकटाच तेलकट, न धुतलेला दिसत होता. आईने तो असा पाटावर घेतला नसता.

मी तो उचलून खिशात टाकला आणि त्याच्या जागी झेंडू ठेवला.