बाबांचा चौकोन

बाबांच्या उजव्या हाताला करंगळीशेजारी सहावं बोट होतं. आजोबांनाही होतं. माझं मी तान्ही असतानाच धंतोलीच्या एका डॉक्टरांनी काढलं. बाबा हातमागावर लुगडी विणत. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि मैत्रिणींना घरी कधी बोलावलं नाही.

ऐंशीच्या दशकात एम.एस्सी.ला असताना घरातल्या एखाद्या आनुवंशिक गुणाचा तक्ता काढायचा होता. पुरुषाला चौकोन, बाईला गोल; गुण असेल तर आत काळं भरायचं. मी आजोबांचा चौकोन भरला, माझा गोल भरला. बाबांचा रिकामा ठेवला. आजोबांना वर्गातल्या कुणी पाहिलं नव्हतं. बाबा कधी कधी डबा घेऊन कॉलेजच्या फाटकाशी येत.

लुगड्याचा काठ बाबा चौकटीच्या कागदावरूनच विणत, भरलेली घरं आणि रिकामी घरं बघत. माझा तक्ता त्यांनी सहज वाचला.

"हा कोण वं?"

"तुम्ही."

"मंग रिकामा काहून? इंग्रजी शाळेत पाचापुढं मोजणं शिकवत नाही का?"

"राहून गेलं."

"माह्या बापाचं भरलं, तुयं भरलं, मधात मीच नाही. असा काठ जुळत नाही, बाई. भरून टाक."

कॉलेजात भरते, असं मी म्हणाले. भरला नाही. सरांना तक्ता आवडला. गुण एक पिढी लपून पुन्हा वर आला, असं सांगून त्यांनी तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला. बाबांना तो पाहायचा होता. एकदा मी परीक्षा आहे म्हटलं, एकदा खोली बंद असते म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

पुढे जीएलआय-थ्री या जीनबद्दल वाचलं. गर्भात हात घडत असताना पेशीला बाहेरून निरोप येतो, आणि त्याप्रमाणे हा जीन दुसऱ्या जीनांना चालू किंवा बंद करतो. तो बिघडला की एखादं बोट जास्त येतं. आमच्या घरात तोच होता का, कुणी तपासलं नाही. पण हे मला बाबांचा हात हातात घेऊन सांगायचं होतं. मध्येच त्यांनी टोमणा मारला असता. तोवर ते गेले होते.

त्या बोटाचं नख कसं होतं, आता नीट आठवत नाही. पदवीच्या दिवशीचा आमचा एक फोटो आहे. फोटोवाल्याने आम्हाला जवळ उभं केलं, तेव्हा बाबांनी आपणहून उजवा हात पाठीमागे घेतला. मी ते पाहिलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.