उलट्या वायरी

परवा सोल्डरिंगचा वास आला आणि नगरच्या पॉलिटेक्निकमधली रोबोंची झुंज आठवली. पाथर्डीचा जालिंदर माझा भिडू. भंगारातल्या जीपच्या वायपरच्या दोन मोटरी समोरासमोर बसवून आम्ही पहिला रोबो केला होता.

झुंजीच्या आदल्या दिवशी जालिंदर समोरच्या टीमबरोबर चहा पिताना दिसला. सकाळी त्याच्या खोलीवर पाहतो तर एका मोटरच्या वायरी उलट्या जोडलेल्या! फितूर झाला, म्हणत मी त्या गुपचूप पहिल्यासारख्या केल्या.

रिंगणात एक चाक पुढं, एक मागं. रोबो जागेवरच गरगरला.

"वायरींना कुनी हात लावला रं?" जालिंदरनं विचारलं.

"त्यांनीच," मी समोर बोट दाखवलं.

समोरासमोरच्या मोटरींपैकी एकीच्या वायरी उलट्याच जोडायच्या असतात, हे मला वर्षानं कळलं. तोवर जालिंदरनं त्या पोरांशी बोलणं टाकलं होतं.