वाढत्या अंगाचं जॅकेट

माझ्या धाकट्या नणंदेने पुण्याहून येताना तिच्या चार वर्षांच्या मुलासाठी लाइफ जॅकेट आणलं, तेही वाढत्या अंगाचं. "दोन वर्षं तरी जाईल, वहिनी," असं तिने बेळ्ळंदूरच्या आमच्या स्वयंपाकघरात मला अभिमानाने सांगितलं. गणवेश, बूट, स्वेटर, सगळं आपण असंच घेतो आणि बाही दुमडून वेळ मारून नेतो. लाइफ जॅकेटचं काय दुमडायचं, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

होसकोट्याच्या पुढे एका तलावावर आमची शिडाची छोटी होडी असते. नवरा, मी आणि आमची सात वर्षांची लेक रविवारी तिथे जातो. वारा फिरला की शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून सपकन या बाजूचा त्या बाजूला येतो. तेव्हा नवऱ्याच्या हातात सुकाणू असतं आणि माझ्या हातात शिडाची दोरी. मूल धरायला तिसरा हात देवाने आम्हाला दिलेला नाही. म्हणून निघण्याआधी काठावर आमची एक चाचणी असते. जॅकेटचे खांदे धरून मुलाला उचलायचं, आणि जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर मूल काठावरच राहणार. गेल्या वर्षी तिथल्या प्रशिक्षकांनी हे शिकवलं.

त्या रविवारी मी भाच्याला उचललं. भाचा जमिनीवरच राहिला, जॅकेट तेवढं वर आलं. हनुवटी गेली, नाक गेलं आणि आतून खिदळण्याचा आवाज आला. सगळे हसले. माझं डोकं फिरलं.

"हा येणार नाही," मी म्हणाले.

"अगं, एवढ्या ट्रॅफिकमधून त्याच्यासाठीच तर आलोय," नणंद म्हणाली. "आणि त्याला स्विमिंग येतं. क्लास लावलाय."

"मी धरतो ना त्याला," नवरा म्हणाला.

"कुठल्या हाताने?" मी विचारलं. त्याने शिडाकडे बघितलं.

होड्या सांभाळणारे अण्णा पुढे आले. "एनू आगल्ल अक्का, स्वल्प टाइट माडि." म्हणजे काही होत नाही, थोडं घट्ट करा. पट्टे आम्ही शेवटच्या टोकापर्यंत ओढलेले होते.

या 'काही होत नाही'चा मला मनस्वी संताप येतो. फोनचं कव्हर कोणी वाढत्या मापाचं घेत नाही. ते अगदी नेमकं बसावं म्हणून दुकानदाराला चार डबे उघडायला लावतात. पोराच्या जिवाला मात्र जरा सैल असलं तरी चालतं. बरं, बोलणारी मी एकटी, म्हणून वाईटही मीच.

शेवटी मी भाच्याला घेऊन काठालगतच्या गुडघाभर पाण्यात उतरले. त्याला म्हटलं, पाय वर घे. काखेखाली धरलेले हात मी जरासे सैल केले. जॅकेट मजेत तरंगत राहिलं आणि भाचा त्याच्या आत खाली सरकला. पाणी नाकाला लागलं तसं मी त्याला वर उचललं. तो ठसकला, मग भोकाड पसरलं. नणंदेने त्याला माझ्याकडून ओढूनच घेतलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"झालं," मी म्हणाले. खरंच झालं होतं. माझं म्हणणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं होतं आणि मी अजून दोन शब्द सुनावणार होते.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, माझं पण असंच वर यायचं. मी हातांनी खाली धरून ठेवायचे."

तिचं पहिलं जॅकेट मीच आणलं होतं, ती चार वर्षांची असताना, चांगलं दोन मापं मोठं. अख्खं वर्ष ती ते घालून होडीत बसली. आम्हाला ती चाचणी कळली तोवर जॅकेट तिला नीट बसायला लागलं होतं, त्यामुळे मागचं कधी मनात आलंच नाही. त्या वर्षीचे फोटो अजून माझ्याकडे आहेत. प्रत्येक फोटोत दोन्ही हात छातीशी घट्ट घेऊन ती बसलेली आहे. पोरगी किती शहाण्यासारखी बसते बघा, असं लिहून मी ते सगळ्यांना पाठवले होते. नणंदेलाही.