छातीवरची विभूती

माझ्या सासूबाई, सुंदरम्मा, सोलापूरच्या बाळीवेशीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होत्या: कडक भाकरी आणि त्याहून कडक तोंड. उखळात शेंगांची चटणी कुटायला बसल्या की मुसळापेक्षा त्यांचाच आवाज मोठा. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझी भाकरी हातात धरून त्या म्हणाल्या, "दाक्षायणी, हिचे काठ बघ. सोलापूरचा नकाशा केलाईस की!" शेजारणी हसल्या. मला राग आला होता, आणि खरं सांगते, तो अजून पुरता गेलेला नाही.

त्यांना एकच मुलगा, शिवपुत्र, म्हणजे आमचे हे; हे आईला अव्वा म्हणायचे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. चौऱ्याहत्तर साली चार पायऱ्या चढल्या की यांचे ओठ निळे पडायला लागले. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात छाती उघडून झडप बदलायचं ठरलं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग छातीवर असतं, ते मेल्यावरही काढत नाहीत. ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं ते उतरवायला सांगितलं. एकाचं लिंग दुसऱ्यानं धरू नये म्हणतात, पण तिथं कुणाला विचारणार? आत्याबाईंनी ते मुठीत घेतलं आणि सहा तास मूठ उघडली नाही. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं तेव्हा त्यांची बोटं सरळ होईनात. मीच ती एकेक करून सोडवली.

तीन आठवड्यांनी आम्ही सोलापूरला परतलो. गळ्याखालून पोटापर्यंत जखम. लिंग त्यावर घासेल म्हणून डॉक्टरांनी ते दंडाला बांधायला सांगितलं होतं. आत्याबाईंच्या जिवाला तेच खात होतं. "छाती उघडी पडली माज्या पोराची," असं दिवसातून दहादा म्हणायच्या.

महिपती ड्रेसर एक दिवसाआड सायकलवरून येऊन पट्टी बदलायचा. जखमेच्या वरच्या टोकाला दोन टाक्यांएवढी जागा अजून ओली होती. "हितं कुणी बोट लावायचं न्हाय. लई जपा," असं त्यानं बजावलं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे हे झोपेत होते. आत्याबाई गावच्या मठातली विभूती पाण्यात कालवून घेऊन आल्या.

"जरा पट्टी उचल," त्या हळूच म्हणाल्या.

"महिपती नको म्हणालाय."

"महिपतीला काय कळतंय? लिंग न्हाय तर न्हाय, विभूती तरी असू दे की."

सासूच्या धाकानं मी ऐकलं असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं होईल. मला ते पटलं होतं. नवऱ्याच्या त्या शिवलेल्या छातीकडे बघून मलाही भीती वाटायची, आणि देवाचं काहीतरी तिथं हवं असं मलाही वाटत होतं. मी चिकटपट्टीचं टोक सोडवलं. त्यांनी जखमेवर तीन बोटं ओढली. मी पट्टी पुन्हा दाबून बसवली. असं आम्ही आठ दिवस केलं. महिपती यायचा त्या दिवशी तो येण्याआधी आत्याबाई ओल्या पदरानं सगळं पुसून काढायच्या. आमची अक्कल एवढीच.

नवव्या दिवशी यांना हुडहुडी भरून ताप आला. खोकलं की छातीचं हाड आत टकटक वाजायचं. महिपती डॉक्टरांनाच घेऊन आला. पट्टी काढली तर खाली पू, आणि घाण वास. महिपतीनं चिमट्यानं राखाडी कण उचलले.

"ह्ये काय हाय?"

डॉक्टरांनी विचारलं, "काय लावलंत? कुणी लावलं?"

तापानं लाल झालेले डोळे उघडून हे आमच्याकडे बघत होते.

"म्या लावली विभूती," आत्याबाई म्हणाल्या. "दाक्षायणी न्हाणीत असायची तवा. तिला ठावं न्हाय."

मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

त्याच दिवशी यांना मुंबईला हलवलं. छाती पुन्हा उघडली, हाडाच्या तारा काढल्या आणि जखम तशीच उघडी ठेवून रोज धुतली. अडीच महिने. रोज सकाळी वाटायचं, आज काही हे राहत नाहीत. तिथले डॉक्टर मला म्हणाले, "असा पू कधी कधी ऑपरेशनच्या वेळीच आत धरतो. विभूतीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही." मी ते यांना सांगितलं. यांनी तोंड फिरवलं. "अव्वानं मला मारलंच होतं," म्हणाले.

हे वाचले. छातीत लिंबू मावेल एवढा खड्डा राहिला. घरी आल्यावर आईच्या हातचं खाणं सोडलं, तिला हाक मारणं सोडलं. काही सांगायचं तर माझ्यामार्फत. मुसळाच्या वरताण बोलणारी बाई गप्प झाली. रोज सकाळी घरातल्यांच्या कपाळाला विभूती लावायचं काम त्यांचं, तेही त्यांनी माझ्याकडे दिलं. माझ्याकडे!

एकदा चुलीजवळ मी म्हटलं, "आत्याबाई, मी सांगून टाकते त्यांना."

"सुम्मने बस," त्यांनी कानडीत गप्प केलं. "माजं काय, दोन दिवस ऱ्हायले. तुला जन्म काढायचाय त्याच्यासंगं."

आणि मी गप्प बसले, कारण ते मला सोयीचं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात आत्याबाई गेल्या. रीतीप्रमाणे त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. यांनी पुढं होऊन त्यांच्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाले, "जा अव्वा. मी तुला माफ केलं."

बायका डोळे पुसायला लागल्या. मला मात्र ते सहन झालं नाही.

"पट्टी मी उचलत होते," मी म्हणाले. "आठही दिवस. माफ करायचं तर मला करा. त्यांना तुम्ही काय माफ करणार?"

यांचा हात आईच्या कपाळावर तसाच राहिला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग आईच्या पुढ्यात खाली बसले आणि चार वर्षं न मारलेल्या हाका मारायला लागले.