लिफ्टशेजारची खोली

धोटे मॅडम गेल्या.

बातमी आली तेव्हा मी जयपूरमध्ये, त्यांच्याच लाडक्या जुनाट हॉटेलात नाश्त्याला बसले होते. समोर कांद्याची कचोरी होती. ती तशीच राहिली.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कुसुम धोटे, मूळच्या नागपूरच्या. आमच्या विमा कंपनीच्या पुण्यातल्या ऑडिट विभागाच्या माजी प्रमुख आणि माझ्या पहिल्या बॉस. शहरातल्या झालाना भागातलं ऑफिस, मग आसपासच्या चौमूं, बस्सी इथल्या शाखा तपासायला आणि चुका सापडल्या की ऑब्जेक्शन टाकायला आमची टीम वरचेवर जयपूरला यायची.

आणि दर वेळी याच हॉटेलात उतरायची.

एअरपोर्टजवळ चकाचक नवी हॉटेलं उभी राहिली, तरी मॅडम हलायला तयार नव्हत्या. इथे अजूनही मरून गालिचा, फुलाफुलांचे पडदे आणि बाथरूमच्या भिंतीवर टेलिफोन. तिथून कुणाला फोन करायचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कारण एकच. मॅडम या हॉटेलच्या प्लॅटिनम मेंबर होत्या. ते कार्ड पर्समध्ये गणपतीच्या फोटोशेजारी असायचं.

ऑफिसात सगळे चिडवायचे, "मॅडम, इतकी निष्ठा तर लोक नवऱ्यावरही ठेवत नाहीत."

"नवरा कधी अपग्रेड देतो का?"

अपग्रेड म्हणजे सुईट. बुकिंग साध्या खोलीचं, पण मेंबर म्हणून मॅडमना मिळायचा वरच्या मजल्यावरचा सुईट. बैठकीची खोली वेगळी, झोपायची वेगळी आणि पाय पसरून बसता येईल असा बाथटब.

आम्हा बिगरमेंबरांच्या नशिबी लिफ्टशेजारची खोली. लिफ्ट थांबली की तिथला पलंग हलतो. लग्नाआधीच्या टूरवर मी तिथे राहिले होते. एकदाही धड झोप लागली नाही.

मग मला मुलगी झाली. रजा संपवून कामावर परतले आणि लगेच जयपूरची टूर लागली. ती अजून अंगावर पीत होती. तिला सोडून जाणं शक्य नव्हतं, आणि टूर नाकारली तर ऑडिटमधून उचलून कुठेतरी कोपऱ्यात टाकतील, हेही माहीत होतं. हे काम मला फार आवडायचं.

शेवटी राजीनामा लिहिला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

त्यांनी तो अर्धाच वाचला.

"काहून वं? बाळ म्हणजे काय ऑडिट ऑब्जेक्शन आहे?"

मला रडू आलं.

"रडून काय राहिली? बाळाला घे, आईला घे. सुईट तुमचा. मी तुझ्या खोलीत झोपते."

मग म्हणाल्या, "माझा पोरगा लहान होता तेव्हा मी टूरला नाही म्हटलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणी कामाचं काही विचारलंच नाही."

हे त्या एकदाच बोलल्या. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

जयपूरला रिसेप्शनवर शेखावतजी. नियमाला एकदम पक्के.

"मैडम, अपग्रेड सिर्फ़ मेंबर के लिए है."

मॅडमनी माझ्या कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवलं. "मेंबर तो मैं ही हूँ भैया. लेकिन टब में नहाना इसको है. इस उमर में मैं टब में उतरी, तो निकालेगा कौन?"

शेखावतजींनी कंप्युटरवर नोंद केली. "सुईट आपके नाम पर ही रहेगा. आप सोती कहाँ हैं, वो हम नहीं देखते."

त्या टबात माझ्या आईनं पदर खोचून, डाळीचं पीठ लावून नातीला न्हाऊ घातलं. हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलांची पार वाट लागली. मी शाखेत जाऊन निवांत मनानं काम करू शकले.

मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत दर टूरला असंच चाललं.

सकाळी नाश्त्याला मॅडम यायच्या, डोळे लाल, चहा एकावर एक.

"झोप लागली का, मॅडम?"

"मस्त झोपले."

"खोटं बोलताय."

त्या कचोरी मोडत म्हणायच्या, "मग टाक ऑब्जेक्शन."

आज ऑडिट विभागात त्यांच्या खुर्चीवर मी बसते. तो राजीनामा त्यांनी घेतला असता, तर मी कुठे असते मला माहीत नाही.

नाश्त्यावरून उठून मी शेखावतजींना सांगितलं. आता त्यांचे सगळे केस पिकलेत. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. मग म्हणाले, "उनका सुईट आज ख़ाली है, मैडम. आप उसमें चली जाइए."

मीही आता प्लॅटिनम मेंबर आहे. मी म्हटलं, आज मला लिफ्टशेजारची खोली द्या.

"वहाँ तो बहुत आवाज़ आती है."

"हाँ. वही चाहिए."

दुपारपासून इथे आडवी पडून हे लिहितेय. लिफ्ट तशीच आहे. दर थोड्या वेळानं पलंग हलतोय. इतकी वर्षं हे सोसून ती बाई सकाळी हसत खाली यायची.

मॅडम, आता खरंच मस्त झोपा.

या वेळी माझं काही ऑब्जेक्शन नाही.