ड्रॉबारचा हुकूम

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी आसामच्या डोंगरात पोस्टिंगवर गेली तेव्हा लढाई ऐन भरात होती. मी हवालदार होतो, लॉऱ्या आणि ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या सेक्शनमध्ये. काम सांगायला सोपं होतं. रेल्वे संपते तिथून माल उचलायचा, घाट चढून फ्रंटच्या मागच्या डेपोत टाकायचा, रिकाम्या गाड्या परत आणायच्या. पहाटे फॉल-इन, मग इंजिनांची तपासणी, मग चहा, आणि त्यानंतर दिवसभर फर्स्ट गिअर. लोक मला विचारतात, लढाई पाहिली का. पाहिली. पण जास्त करून चिखलच पाहिला.

सेक्शनमध्ये परभणी जिल्ह्याचे आम्ही दोघंच. मी सेलूजवळच्या एका खेड्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. दुसरा ज्ञानबा, ताडकळसचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. निजामाच्या मुलखातून नगरला जाऊन इंग्रजाच्या फौजेत भरती झालेले आम्ही. बाकीचे पंजाबी, मद्रासी, गढवाली. आम्ही दोघं मराठी बोलायला लागलो की ते म्हणायचे, यांचं भांडण चाललंय.

ज्ञानबाला पहिली शिक्षा झाली ती ड्रॉबारवरून. ड्रॉबार म्हणजे ट्रेलरला लॉरीशी जोडणारा पुढचा लोखंडी दांडा. बैलगाडीला जशी धुरा, तसा ट्रेलरला ड्रॉबार. आमच्याकडचा गाडीवान गाडी हाकताना धुरेवर बसतो, आणि हे कुणी कुणाला शिकवत नाही, बघून बघून येतं. लॉरी संथ चाललेली बघून ज्ञानबा सरळ ड्रॉबारवर जाऊन बसला, पाय खाली सोडून, जणू ताडकळसच्या बाजाराला निघालाय. जमादारसाहेबांनी पाहिलं.

"ड्रॉबार पे कोई नहीं बैठेगा. समझा?"

"समझा, साब."

"क्या समझा?"

"बैठेगा नहीं, साब."

मग पाठीवर पूर्ण पॅक घेऊन मैदानाला फेऱ्या. संध्याकाळी तो माझ्या शेजारी येऊन टेकला. बूट काढता काढता म्हणाला, "हवालदार सायब, मंग गाडीवानानं बसायचं कुठं?"

"लॉरीत."

"आन् लॉरी नसंल तर?"

मी हसलो. तोही हसला. पुढे नाईक झाला तेव्हा हाच ज्ञानबा नव्या रंगरूटांना ड्रॉबारवरून हाकलताना मी पाहिला, आणि जमादारापेक्षा मोठ्या आवाजात. नवा मुसलमान सात वेळा बांग देतो, ती गत.

त्याला घराचं वेड होतं. घर म्हणजे गाव नव्हे. खरोखरीचं, भिंतींचं घर. त्याची बायको भागीरथी लग्न झाल्यापासून कळपामागे फिरत होती. दिवाळी झाली की मेंढरं निघायची ती मृगापर्यंत परतायची नाहीत. आज या शिवारात पाल, उद्या त्या शिवारात. तो म्हणायचा, "पालाला दार नसतंय, हवालदार सायब. कुत्रं बी येतंय, वारं बी येतंय. मला एक दार पायजे. तिनं आतून कडी लावली की मी भाईरून हाक मारणार." इतकीच त्याची मागणी होती. रणांगणावर माणसं याहून मोठमोठ्या गोष्टी मागतात, पण मला त्याचीच मागणी लक्षात राहिली.

लढाई संपली. डिस्चार्ज घेऊन आम्ही परत आलो. त्याचे भाऊ त्याला पुन्हा कळपावर बोलावत होते. तो गेला नाही. एक दिवस भागीरथीवहिनींना घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ट्रेलर बांधू."

त्याचं गणित सरळ होतं. सेलूला जिनिंगचे कारखाने. खेड्यापाड्यांतून कापूस बैलगाड्यांनी यायचा, त्यात दिवस जायचे. तीन गाड्यांचा माल एका ट्रेलरवर बसला, आणि ओढायला कारखान्याची लॉरी मिळाली, तर सुगीभर काम. एका सुगीत घराच्या भिंती, दुसरीत छप्पर. मेंढरांमागे जायचं नाही.

ट्रेलर आम्ही माझ्या अंगणात बांधला. एका मोडीत निघालेल्या लॉरीचा मागचा आख चाकांसकट मिळाला. टायरला ठिगळाच्या गाबड्या होत्या, पण दम होता. सुताराचं काम आमच्या गावच्या मारुतीकाकांनी केलं. वय झालेलं, पण हात तयार. साटा, म्हणजे माल ठेवायची फळ्यांची चौकट, बाभळीचा घातला. ड्रॉबारसाठी लोखंडी चॅनेल मिळेना, म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणला. तो गाडीतून उतरवायला सहा माणसं लागली. वेल्डिंग आमच्याकडे कुठलं? भाता लावून रूळ लाल करायचा, घणानं वाकवायचा, भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे. ज्ञानबा घण मारायचा आणि मी पकड धरायचो. वहिनी भाता ओढायच्या. अंगणातली तुळस कोळशाच्या धुरानं काळी पडली तेव्हा माझ्या आईनं मात्र दोन दिवस आमच्याशी अबोला धरला.

साटा बसला त्या दिवशी ज्ञानबानं चुन्यात कुंचला बुडवून पुढच्या फळीवर मोठी अक्षरं काढली. फौजेत आम्हाला उर्दू शिकवत ती इंग्रजी अक्षरांत. त्याला लिहिता येत होतं ते तेवढंच. गावातल्या कुणालाही ते वाचता येणार नव्हतं. मी वाचलं आणि खो खो हसलो. जमादारसाहेबांचा हुकूम होता: ड्रॉबारवर कोणी बसणार नाही.

"कुणासाठी लिवलंय रे?" मारुतीकाकांनी विचारलं.

"माज्यासाठीच," ज्ञानबा म्हणाला.

पण लॉरी आली नाही. त्या सुगीत बाहेरून, इलाख्यातून, निजामाच्या मुलखात पेट्रोल येणं जवळजवळ बंद झालं होतं. मुलखात गडबड होती, दिवस मावळल्यावर रस्त्याला कुणी नसायचं. कारखान्याच्या लॉऱ्या छपरीत उभ्या. कारखान्याचा मुनीम ज्ञानबाला म्हणाला, "बाजाराच्या दिवसापर्यंत पहिली खेप आणून दाखव, कशानंही आण. आणलीस तर सुगीचं काम तुझं. नाही तर गाडीवाले तयार आहेत."

मी म्हणालो, थांबू. फौजेत गाडी तयार नसेल तर कॉन्व्हॉय निघत नाही. ज्ञानबा थांबायला तयार नव्हता. "गाडी तयारच हाय, हवालदार सायब. लॉरी तेवढी न्हाई."

मग मी, ज्ञानबा आणि मारुतीकाका, तिघांनी बसून विचार केला. रुळाच्या पुढे लाकडी धुरा बांधली, तिला जू. धुरेला माझी बैलजोडी, त्यांच्या पुढे साखळीनं भावकीतली एक जोडी. मारुतीकाकांनी आखाभोवती फिरून पाहिलं आणि म्हणाले, "माल धुरजड भरा. म्होरं वजन पायजे. गाडी उलाळली तर बैलाच्या गळ्याला फास बसतोय." हे त्यांनी सांगायची गरज नव्हती, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. गाडीत मागं वजन झालं की धुरा वर उचलते आणि जुपणीनं, म्हणजे बैल जुवाला बांधायच्या दोरीनं, बैलाचा गळा आवळतो. म्हणून माल पुढे दाबून भरला, दोर आवळले, मी स्वतः प्रत्येक गाठ ओढून पाहिली. गाठी चांगल्या होत्या. हे मी अजून स्वतःला सांगतो.

सकाळी निघालो. मी पुढच्या जोडीचा कासरा धरून चालत होतो, ज्ञानबा धुरेच्या बैलांशेजारी चालत होता, मारुतीकाका मागे. वहिनी वेशीपर्यंत आल्या. त्यांनी चाकांना हळदकुंकू लावलं.

"बसून जा की," त्या ज्ञानबाला म्हणाल्या. "सेलूपस्तोर चालत जातावं का?"

"हुकूम न्हाई," तो म्हणाला.

सपाट रस्त्यावर ट्रेलर असा चालला की मला कौतुक वाटलं. रबरी चाकं, आवाज नाही, खडखडाट नाही. वाटेतले गाडीवान वळून बघत होते. ज्ञानबा प्रत्येकाला रामराम घालत होता. दुधना नदीच्या उतारावर आम्ही चाकांमागे दोर लावून, ओढून धरत, सावकाश खाली आलो. पाणी घोट्याइतकं. पात्र ओलांडलं. आता फक्त पलीकडची दरड चढायची होती, आणि वर गेलं की सेलूचा सपाट रस्ता.

दरड निम्मी चढलो आणि बैलगाडीत आणि ट्रेलरमध्ये काय फरक असतो ते कळलं. रबरी चाक दगडावर चढतं तेव्हा उसळी मारतं. दोन उसळ्या बसल्या, मालाचा ढीग हलला, दोर ताणले आणि माल मागे सरकला. रूळ वर उचलला. धुरा वर, जू वर, आणि माझे दोन्ही बैल मागच्या पायांवर टांगल्यासारखे झाले. त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला तो सांगण्यासारखा नाही.

मारुतीकाकांनी चाकाखाली दगड सारला. मी पुढची जोडी धरून होतो. तो ताण मी सोडला असता तर सगळं घसरून पात्रात गेलं असतं, मागे मारुतीकाका होते. मला हलता येत नव्हतं. मी फक्त मान वळवून बघू शकत होतो.

ज्ञानबानं उडी मारली आणि रुळावर पोट टाकलं. गाडी उलाळली की गाडीवान धुरेवर उडी घेतो, आपल्या वजनानं तिला खाली आणतो. आमच्या मुलखात पोरंसुद्धा हे करतात. बैलगाडी खाली येते. रूळ आला नाही.

मी ओरडलो, "ज्ञानबा, ड्रॉबार सोड!"

"बैल मरायलेत," तो म्हणाला.

"ड्रॉबार सोड! ऑर्डर आहे!"

त्यानं तो सोडला नाही. एका हातानं रुळाला मिठी, दुसऱ्या हातानं खिशातला फौजी चाकू काढून दातांनी उघडला. एक जुपणी कापली. डावा बैल सुटून गुडघ्यांवर पडला आणि उठला. दुसरी कापली. उजवा सुटला. बैलांचं वजन गेलं तसा रूळ आणखी वर गेला, ज्ञानबा त्याला लटकलेला. मग मागचे दोर तुटले आणि सगळा कापूस दरडीवरून खाली ओतला गेला. मागे वजन उरलं नाही. रूळ खाली आला. ज्ञानबा त्याच्याखाली होता.

त्याला बाहेर काढायला वेळ लागला. तो रूळ उतरवायला सहा माणसं लागली होती हे मी सांगितलं आहे. तिथे मी आणि मारुतीकाका, दोघंच होतो. वरच्या रस्त्यावरचे गाडीवान धावत आले तोवर तो गेला होता.

आसामच्या घाटात त्याच्या डोक्यावरून विमानं गेली, शेजारी लॉऱ्या दरीत गेल्या, मलेरियानं त्याचा हाडांचा सापळा केला. तिथे तो वाचला. मेला तो दुधनेच्या दरडीवर, माझ्या बैलांपायी. मला त्याचं दुःख होतं आणि रागही येतो. कुणाचा राग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जुपणी त्यानं कापली नसती तर माझे बैल गेले असते. मी दुसरे घेतले असते.

सुगीचं काम अर्थातच गाडीवाल्यांना गेलं. ट्रेलर काही महिने माझ्या अंगणात उभा होता. पुढे पोलीस अॅक्शन झाली, निजामी गेली, आमच्या गावात मिरवणूक निघाली, आणि त्या मिरवणुकीला ट्रेलर सजवून घ्यावा असं कुणीतरी सुचवलं. मी नाही म्हणालो. मारुतीकाकांना बोलावलं आणि साट्याच्या फळ्या सोडवल्या.

ताडकळसला ज्ञानबाच्या भावांनी वहिनींना गावठाणात जागा दिली होती. भिंती मातीच्या, आमच्या हातच्या. मारुतीकाकांनी त्या बाभळीच्या फळ्यांचं दार केलं. पुढची फळी मी बाजूला ठेवा म्हणालो होतो, पण ते म्हणाले, तीच सगळ्यात घट हाय, तिच्याबिगर दार उभं ऱ्हायचं न्हाई. चुन्याची अक्षरं आतल्या बाजूला आली.

आमच्या कंपनीच्या शिलेवर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. ज्ञानबाचं नाव तिथे नाही आणि नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. तो डिस्चार्ज झालेला होता. म्हणून मी दर वर्षी सुगी सुरू झाली की ताडकळसला जातो. वहिनी चहा करतात.

एका वर्षी त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "भाऊजी, एवढे दिस इचारीन म्हन्ते. ह्ये त्येंनी काय लिवलंय?"

मी टाळू शकलो असतो. वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. पण त्याच्या बायकोला मी खोटं काय सांगणार? मी सांगितलं. ड्रॉबारवर कोणी बसणार नाही, असं लिहिलंय. फौजेचा हुकूम आहे. त्यानंच लिहिला, स्वतःसाठी.

त्या उठून दाराजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "मंग बैल कुणी सोडवायचे व्हते?"

दिवस कलला होता, मला सेलूची गाडी गाठायची होती. मी उठलो, बाहेर आलो, चपला घातल्या. मागे वहिनींनी दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. मी दारासमोर थोडा वेळ उभा राहिलो. बाहेरून हाक मारायची ती त्याची जागा होती.