गळ्याचा साचा

त्या बुधवारी प्रभादेवीहून माहीमच्या चर्चला चालत निघाले, तेव्हा माझा मेरीमातेवर विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर बाप्पावरचाही डळमळला होता. ह्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाहीही येणार. बोलण्यात कुणाला हार न जाणारा माझा नवरा आता वहीत लिहून चहा मागत होता. मंगळवार करून झाले, तेव्हा ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, एकदा माहीमला जाऊन तर बघ. सिद्धिविनायक हाकेच्या अंतरावर असताना मी दुसरं दार ठोठावायला निघाले होते. निघताना ह्यांनी वहीत लिहिलं, 'बाप्पा रागावला तर माझं नाव सांगू नकोस.' मला हसू आलं नाही.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चार म्हातारे तावातावानं वाद घालत बसले होते. त्यांचा मला इतका हेवा वाटला की डोळे भरून आले. डोळे पुसत चर्चपाशी पोचले. बाहेर टेबलांवर मेणाचे हात, पाय, डोळे, घरं, बाळं मांडलेली होती. ज्याचं जे दुखणं, ते माउलीपुढे ठेवायचं.

"काय पायजे, ताई?" विकणाऱ्या बाईनं विचारलं.

"गळा आहे का? मिस्टरांचा आवाज गेलाय."

"गळ्याचा साचा नाय ओ." तिनं मेणाचा एक पुरुष उचलून माझ्या हातात दिला. "हा घ्या. आख्खा माणूसच ठेवा तिच्यापुढे. काय करायचं ते ती बघेल."

मला जरा रागच आला. गळता नळ दुरुस्त करून घ्यावा, तशी मी एवढं एकच काम घेऊन आले होते. आत गेले, पण तो बाहुला हातातून सुटेना. चार महिने मी ह्यांच्याकडे नाही, नुसत्या गळ्याकडे बघत होते. रोज सकाळी "बोला बघू" म्हणून परीक्षा घ्यायची. ते वहीत गमती लिहायचे, मी न वाचताच पान उलटायची. मला स्वतःची लाज वाटली. "सांभाळ गं आई, जसे आहेत तसे," एवढंच म्हणाले आणि बाहुला ठेवला. परत येताना पाय दुखत होते, मन मात्र हलकं होतं. घरी येऊन वही पहिल्या पानापासून वाचली आणि पोट धरून हसले.

दोन महिन्यांनी आवाज आला, घोगरा, पहिल्यासारखा नाहीच. ह्याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. परवाच्या बुधवारी आम्ही दोघं माहीमला गेलो.

"काय मागू गं?" बाकावर बसता बसता ह्यांनी विचारलं.

"काही नको. बसा नुसते माझ्याजवळ."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच हे आपणहून गप्प बसले.